वल्ह्यांचं घर

कॉलेजने प्रकल्प दिला होता, आपल्या भागातल्या एखाद्या संस्थेचा इतिहास. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. संस्था म्हणजे पाटी, ऑफिस, अध्यक्षांचा फोटो, असं मला वाटायचं. बाळकुमच्या खाडीवर बुडणाऱ्यांना काढण्यासाठी एक होडी राखलेली असते, हे खोपटच्या डेपोत काम करणाऱ्या बाबांकडून ऐकलं होतं. तिची पाटी कुठे असेल, ते बघायला गेले.

पाटी नव्हती. धक्क्याला होडी बांधलेली होती, पण तिच्यात वल्ही नव्हती.

"वल्ही चौथ्या मजल्यावर," जाळं दुरुस्त करणारा एक जण म्हणाला आणि समोरच्या कॉम्प्लेक्सकडे बोट केलं. मला वाटलं, चेष्टा करतोय.

चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये खरंच दोन लांब वल्ही भिंतीला टेकून उभी होती. साठीच्या एका कोळी काकींनी दार उघडलं.

"सोसायटीची हायस काय गो?"

"नाही काकी, कॉलेजची."

"मंग ये."

पॅसेजमधली वल्ही रविवारपर्यंत हलवा, असं सोसायटीने त्यांना बजावलं होतं. लिफ्टमध्ये ती मावत नव्हती, घरात त्यांच्यासाठी मोकळा कोपरा नव्हता. टाकायची तर नव्हतीच, पण भलत्या जागी ठेवायचीही नव्हती.

मी बिचकत विचारत गेले. शिंपल्या काढायला गेलेल्या बायका भरतीत अडकायच्या, कधी मिठागरावरचं कोणी, कधी जीव द्यायला आलेलं. त्या होडीतून मासे मारायचे नाहीत. काढलेल्या माणसाला, पाण्यात का गेलास, हे विचारायचं नाही. वल्ही होडीतच ठेवली तर कोणीही ती मासेमारीला नेईल, म्हणून ती यांच्या घरी.

"पण तुमच्याच घरी का?"

काकींना हे बहुतेक कोणी विचारलं नव्हतं.

"ही बिल्डिंग व्हायच्या आधी आमचं घर पान्याला लागून व्हतं. दाराला कडी नाय. सासू कायम घरात. कोनी पन यावं, वल्ही उचलावी नि पलावं." त्यांनी चहा पुढे केला. "गेल्या विसर्जनाला दोन पोरं घसरली. वल्ह्यांसाठी एक जन चार मजले चढला नि उतरला. वाचली दोघंपन. पन मी गॅलरीतून बघत व्हते ना गो."

त्यांची नजर स्वतःच्या दाराच्या लॅचवर गेली. चहा अर्धा ठेवून त्या उठल्या. "चल, मागनं धर."

जिन्याच्या प्रत्येक वळणावर वल्ही भिंतीला घासत होती. खाली गेटवर, धक्क्याच्या समोरच, वॉचमनची केबिन होती.

"भैया, ये केबिन का दरवाजा कभी बंद करता?"

"बंद करेंगे तो नौकरी जाएगी, चाची."

"रात को सोता?"

"सच बोलूँ?" तो हसला.

"सोता तो सो. कडी मत लगा."

"सेक्रेटरी पूछेंगे तो?"

"बोल, चाचीने पॅसेज खाली किया."

वल्ही केबिनच्या कोपऱ्यात तिरकी उभी राहिली. वॉचमनने आपली छत्री जरा सरकवली. कोणी धावत आलं तर काही विचारू नको, एवढंच काकींनी त्याला दोनदा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात राहिलेले प्रश्न घेऊन मी पुन्हा गेले. गेटवरच काकी दिसल्या, हातात भाजीची पिशवी. वॉचमन गाडीवाल्याशी बोलत होता. काकींनी जाता जाता केबिनचं दार कोपराने ढकललं. ते उघडलं. आत एकदा बघून त्यांनी ते पुन्हा ओढून घेतलं, आणि लिफ्टकडे गेल्या.