पार्किंगचं कारण

मी एस.वाय.ला असताना आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या सोसायटीची पत्रं मीच लिहायचे. इंग्लिश मीडियमची म्हणून सेक्रेटरी काकांनी ते काम मला दिलं होतं. माणसांशी बोलायचा मला संकोच वाटायचा, कागदाशी नाही.

दिवाळीनंतर दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी घर विकायला काढलं. मोरिवलीच्या एका कारखान्यातले फोरमन बायको आणि दहावीतल्या मुलीला घेऊन बघायला आले. मुलीने खिडकीपाशी टेबलाची जागा वितीने मोजली. मी जिन्यातून पाहिलं. व्यवहार ठरला. राहिली फक्त सोसायटीची परवानगी.

बाबा कमिटीत, म्हणून मीटिंग आमच्याच हॉलमध्ये. चहा देऊन मी वही घेऊन कोपऱ्यात बसले. सेक्रेटरी काकांनी अर्जावरचं आडनाव मोठ्याने वाचलं आणि कागद उपडा ठेवला.

"माणूस सज्जन आहे. आपलं काही नाही हो. पण आज एक आला की उद्या चार येतात."

"हॉलमध्ये फोटो कोणाचा लागणार, ते आडनावातच कळलं," समोरच्या काकू म्हणाल्या. "आणि एप्रिलमध्ये मिरवणूक काय आपल्या गेटातून न्यायची?"

सगळे हसले. बाबाही हसले.

"पण कारण काय द्यायचं?" बाबांनी विचारलं.

"पार्किंग," सेक्रेटरी काका म्हणाले.

"त्यांच्याकडे गाडी आहे?"

"नसेना का, पुढे घेतील. बेटा, इंग्लिशमध्ये लिही. इंग्लिश पत्र बघितलं की माणूस वाद घालत नाही."

मी लिहिलं. वहीत 'सर्वानुमते' असंही लिहिलं. कागदावर सगळं नियमात बसत होतं, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

रविवारी फोरमन आले. बाबा आतल्या खोलीत गेले आणि दार उघडायला मला पुढे केलं. कोणी सांगितलं नसताना फोरमननी चपला बाहेर काढल्या होत्या.

"पत्र तुम्ही लिहिलंत, असं वॉचमन म्हणाला. इंग्लिश चांगलं आहे. माझ्या मुलीने वाचून दाखवलं. मग म्हणाली, पप्पा, आपल्याकडे तर सायकलपण नाही."

मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

"दुसरं काही कारण असेल तर सांगा. मी ऐकून घेईन."

"मला माहीत नाही, काका."

त्यांनी मान हलवली, पत्र होत्या त्याच घड्यांवर दुमडलं आणि गेले. आतून बाबांनी विचारलं, "गेले का?"

सव्वीस जानेवारीला सकाळी सगळे खाली जमले. सेक्रेटरी काकांनी खिशावर तिरंगा लावला होता, टेबलावर जिलबीचा खोका होता. दुसऱ्या मजल्यावर एव्हाना दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. त्यांची मोटार झेंड्याच्या खांबाला इतकी लागून उभी होती की दोरी ओढण्यासाठी ती मागे घ्यावी लागली. पार्किंगचं कोणीच काही बोललं नाही.

"बेटा, संविधानाची प्रास्ताविका तूच वाच," काका म्हणाले. "तुझे उच्चार स्वच्छ आहेत."

त्यांनी कागद पुढे केला. हात जिलबीने चिकट होता, कागदाच्या कोपऱ्यावर पाकाचं बोट उमटलं होतं. मला किळस आली. त्या बोटाची, काकूंच्या इस्त्रीच्या साडीची, माझ्या स्वच्छ उच्चारांची.

"घसा बसलाय," मी म्हणाले.

घसा ठणठणीत होता. त्यांनी पार्किंग सांगितलं होतं, मी घसा सांगितला. मग काकूंनी वाचलं, न अडखळता, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.