कदम बाईंचा तास

कदम बाई नववीच्या वर्गावर विज्ञानातला ऊतींचा धडा घ्यायला निघाल्या की त्यांच्या हातात पुस्तकाऐवजी उसाचं कांडं असायचं. त्याचे करवे करून त्या पोरांना वाटायच्या आणि म्हणायच्या, "चावा. पण चोथा टाकू नका, धडा त्यातच हाय." रस साठलेला असतो तो मूल ऊतीत, म्हणजे मऊ गरात. दाताला लागणारे चिवट धागे म्हणजे पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या आणि त्यांना आधार देणाऱ्या दृढ ऊती. उंब्रजच्या त्या शाळेत मी शेजारच्या वर्गावर मराठी शिकवायचे. भिंतीपलीकडून चघळण्याचा आवाज आला की माझ्या पोरांचं कवितेतलं लक्ष उडायचं.

बाई वागायला सरळ आणि बोलायला फटकळ होत्या. सातवीतल्या एका मुलीला फिट यायची आणि घरचे अंगारा लावत बसले होते. बाई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. "मेंदूचं दुखणं हाय. दवाखान्यात न्या. तुमी उठल्याबिगर मी उठत न्हाई." शेवटी घरच्यांना उठावंच लागलं. आज ती मुलगी कॉलेजात शिकते.

मग एके दिवशी फळ्यावर लिहिताना बाईंच्या हातून खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. मानेचा त्रास असेल, असं सगळ्यांना वाटलं. पुढे पाय अडखळायला लागला, जिभेला जडपणा आला. सुभेदारांनी, म्हणजे बाईंच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या यजमानांनी, त्यांना सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. सोबतीला मीही होते. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी मरत चालल्यात आणि त्याला इलाज नाही, असं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, "श्वासाचे स्नायू कवा जातील?" सुभेदार उठून उभे राहिले. "इलाज नाही म्हणजे काय? कुठंतरी असणारच."

त्या शोधात सुभेदारांनी काही म्हणजे काही सोडलं नाही. जतच्या पुढे एका गावात कुणी तेल चोळून लुळे हात चालते करतो, असं त्यांनी ऐकलं होतं. बाई नको म्हणतील असं मला वाटलं, पण त्या गाडीत बसल्या. त्या माणसाने त्यांच्या दंडाला काळं तेल चोळलं, मंत्र पुटपुटला आणि मूठ आवळायला सांगितली. बाईंनी डोळे मिटून जोर लावला. कपाळावर घाम आला, पण बोटं हलली नाहीत.

परतताना सुभेदार चहा आणायला उतरले, तेव्हा मी विचारलं, "बाई, तुम्ही कशा काय आलात?"

त्या अडखळत म्हणाल्या, "शोभा, मला वाटलं, एखाद्या येळेस माझंच चुकत आसंल. लय वाटलं गं, माझंच चुकू दे."

त्यानंतरही त्या शाळेत येत राहिल्या. दहावीला श्वसन शिकवायचं होतं. खुर्चीवर बसून त्या बोलू लागल्या, पण शब्द एकमेकांत मिसळून नुसता घोगरा आवाज येत होता. मी दाराशी उभी होते, मलाही काही कळेना. शेवटी त्यांनी विचारलं, "कळलं का?" एरवी दंगा करणारा तो वर्ग एका आवाजात म्हणाला, "व्हय बाई." बाईंनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. खोटं त्यांना लगेच समजायचं. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि मी त्यांना धरून बाहेर आणलं. पुन्हा त्या वर्गावर गेल्या नाहीत.

पुढे नुसते डोळे उरले. मी अक्षरांचा तक्ता धरायचे, एकेका अक्षरावर बोट फिरवायचे आणि हवं ते आलं की त्या पापणी मिटायच्या. एका दुपारी त्यांनी असं एकेक अक्षर जोडून सांगितलं, "भीती वाटते." सुभेदार कॉटच्या पायथ्याशी उभे होते. आजवर ते अशा वेळी म्हणत आले होते, "हिंमत ठेव, सगळं ठीक होईल." त्या दिवशी ते तसं म्हणाले नाहीत. कॉटवर बसले, बाईंचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाले, "मलाबी वाटतीया, सुनंदा." बाईंची नजर त्यांच्यावरून हलली नाही. मी तक्ता खाली ठेवला आणि ओसरीवर जाऊन बसले.

त्याच आठवड्यात, सकाळी चहाच्या वेळेला, बाई गेल्या. मी पोचले तेव्हा सुभेदार अजून हात धरूनच बसले होते. मला बघून म्हणाले, "ताई, हात धरलेला तिला शेवटपर्यंत कळत आसंल का वो?"

मी हो म्हणाले. ते समजुतीखातर नव्हतं. या आजारात हालचाल जाते, पण स्पर्श शेवटपर्यंत कळत राहतो, हे बोलता येत होतं तेव्हा बाईंनीच मला समजावून सांगितलं होतं.