मालतीबाईंचा किड्यांचा तास

मालती गेल्याचा तिच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी शाळेत मस्टरवर सही करत होते. नंदनवन वस्तीतली आमची मराठी शाळा. आम्ही दोघी इथे एकाच वर्षी लागलो आणि भांडत-भांडतच मैत्रिणी झालो. स्टाफरूममध्ये कोणी डोळे पुसले, कोणी नुसतंच बसून राहिलं... मग मुख्याध्यापकांनी विचारलं, तिच्या वर्गाला, तिसरीच्या पोरांना, कोण सांगणार? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी उद्या सांगते म्हणाले आणि अंत्ययात्रेला गेले. पण खरं सांगू? मला स्मशानघाटापेक्षा त्या वर्गाची धास्ती होती. मालतीच्या पोरांपुढे काहीही ठोकून देता येत नाही.

त्याला कारण तिचा शनिवारचा किड्यांचा तास. स्वतः झुरळ दिसलं की टेबलावर चढणारी ही बाई, पण पोरांना मुंग्यांच्या मागे मैदानभर फिरवायची. प्रत्येकाने एक किडा निवडायचा, त्याच्या मागे लागायचं आणि मग वर्गापुढे उभं राहून माहिती सांगायची. अट एकच. प्रत्येक गोष्ट पाहिली, वाचली की ऐकली, ते आधी सांगायचं. कोणी ऐकलेलं पाहिलं म्हणून खपवलं की वर्गच ओरडायचा. शेजारच्या सक्करदऱ्याच्या एका आईला पोराच्या डब्यात नाकतोडे सापडले, तेव्हा ती तणतणत शाळेत आली होती. मालतीने तिलाच विचारलं, ताई, कोणत्या रंगाचे होते?

काही वर्षांपूर्वी एकदा प्रार्थनेनंतर मालतीने कुंभारीण माशीची गोष्ट सांगितली. आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो ती. कुंभारीण मातीच्या घरात अळी आणून ठेवते, तिच्याभोवती गुणगुणत राहते आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते. शिष्यही तसाच गुरूसारखा होतो. तर पल्लवी नावाची एवढीशी पोरगी उठली. "बाई, पाह्यलं का आयकलं?" मालतीने जीभ चावली. मग हसून म्हणाली, "आयकलं वं माय." त्याच आठवड्यात वर्गाच्या खिडकीतलं मातीचं एक घर फुटून पडलं. आतल्या अळ्यांसकट तिने ते काचेच्या बरणीत ठेवलं. पोरं रोज बरणीला नाक लावून बसायची. अळ्यांची कुंभारीण काही झाली नाही. कुंभारणीच्या अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या अळ्या खाऊन वाढलं आणि तेच पुढे माशी होऊन बाहेर आलं.

स्नेहसंमेलनात पल्लवी हेच सांगणार होती. संस्थेचे अध्यक्ष आधीच या तासावर नाराज होते. किड्यांपायी पाढे बुडतात म्हणायचे, आणि तास ठेवायचा की नाही ते त्या दिवशी ठरणार होतं. त्यात त्यांनी भाषणात नेमकी कुंभारणीचीच गोष्ट सांगितली, गुरुमहिम्यासकट. पोरीला फुलपाखरावर बोलायला लाव, असं मी मालतीच्या कानात म्हटलं. ती म्हणाली, "काहून? पोरीनं पाह्यलं हाये."

पल्लवीने सगळं सांगितलं, न अडखळता. अध्यक्षांनी विचारलं, मग बेटा, गुरू-शिष्याचं काय?

"ते मले माहीत नाही, सर. मी माशीचं सांगून राहिली."

पहिले हसले ते अध्यक्षच, अगदी पोट धरून. तास राहिला. मालती मात्र माझा हात घट्ट धरून रडत होती. माझी पोरगी घाबरली नाही वं, एवढंच म्हणत होती. असा अभिमान मी कोणत्याच मेरिटवाल्या पोराच्या आईच्या तोंडावर पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिसरीत गेले. रात्री ठरवलेली वाक्यं आठवेनात. एका दमात म्हणून टाकलं, पोरांनो, तुमच्या बाई देवाघरी गेल्या. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. डोळे भरलेले, पण मान ताठ.

"बाई, पाह्यलं का आयकलं?"

वाटलं, मालते, बघ गं तुझी पोरं... मग जे खरं होतं तेच सांगितलं.

"गेल्या, हे पाह्यलं. देवाघरी गेल्या, हे आयकलं."

तिने जरा विचार केला, मान हलवली आणि खाली बसली. मग रडली. तिच्यामागे सगळा वर्ग रडला, आणि मीही.