वाटेचा बोल

जालन्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझा धाकटा भाऊ तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होता, आणि मी त्याच्याकडे न जाता भोकरदनच्या एसटीत जाऊन बसलो. आठ वर्षांपूर्वी भांडून तो घराबाहेर पडला होता. बायको म्हणायची, तुम्हीच जा. ऑफिसातला मित्र म्हणायचा, जो गेला त्यानं यावं. चपला घ्यायच्या तरी चार जणांना विचारणारा मी. म्हणून शेवटचा शब्द भोकरदनच्या मामांचा घ्यायचा, असं ठरवून निघालो होतो.

राजूर मागे पडलं आणि गाडी बंद पडली. "त्या पायवाटेनं गावातून निघा, पल्याड फाट्यावर जीप भेटंल," ड्रायव्हर म्हणाला. वाळलेल्या पऱ्हाट्यांमधून (कापसाची झाडं) चालू लागलो. गाव आलं तरी एक कुत्रं भुंकलं नाही. लिंबाच्या पारावर सात-आठ माणसं बसली होती, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मला पाहून कोणालाच नवल वाटलं नाही. समोर रिकामा पाट मांडलेला होता, शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या.

"बसा," फेटेवाले आजोबा म्हणाले. "सकाळपून तुमचीच वाट पाहून राह्यलो."

"माझी? काहीतरी चूक होतेय."

"न्हाई, बराबर हाय. नाव सांगू नका, गाव सांगू नका."

घरात एकमत होत नसलं की त्या गावात वाटेचा बोल घेतात. सकाळी पाराची पूजा करायची आणि मग पायवाटेनं येणारा पहिला परका माणूस सांगेल तसं वागायचं. बोलेपर्यंत त्याला पाणी द्यायचं नाही. परक्याला ना फायदा ना तोटा, म्हणून तो खरं बोलतो, असं आजोबांचं म्हणणं.

"पोरगा रुसून गेलाय," ते म्हणाले. "ठिकाणा कळलाय. मंग आणाया जावं, का वाट पाहावी?"

हा तर माझाच प्रश्न होता. शेजारी पोराची आई बसली होती, मांडीवर बांधलेलं गाठोडं. तिला कोणता शब्द हवाय, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणालो. कोणी हललं नाही. ऊन चढत गेलं, घशाला कोरड पडली. शेवटी माझ्या तोंडून मित्राचंच वाक्य बाहेर पडलं. "वाट पाहा. जो गेला त्यानं यावं."

आजोबांनी तांब्या पुढे केला. मी घटाघट पाणी प्यालो. आईनं गाठोडं माझ्या हातात दिलं. "आता हे तुम्हीच खा," ती म्हणाली.

फाट्यावर गाठोडं सोडून पाहिलं. धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट भाकऱ्या), ठेचा आणि पाच-सहा लाडू. सगळं त्या पोरासाठी बांधलेलं. गाठोडं पुन्हा बांधलं. तसाच मागे पळालो. पारावर कोणी नव्हतं, पाट उचललेला, दारं लावलेली. आजोबा तेवढे ओट्यावर दिसले.

"मी चुकलो. त्याला आणायला जा."

"आता तुमचा बोल चालत न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "आमचं पाणी पिलात. तुम्ही परके न्हाई राह्यले."

मामांकडे गेलोच नाही. उलट्या दिशेची जीप धरून जालना गाठलं. भावानं दार उघडलं. "कोणी पाठवलं?" त्यानं विचारलं. "कोणी नाही," मी म्हणालो. त्या दुपारी आम्ही दोघांनी ते धपाटे खाल्ले. मला रडू आवरलं नाही.

पुढच्या वर्षी भावाला घेऊन मामांकडे गेलो, तेव्हा त्या पायवाटेनं मुद्दाम गेलो. भर दुपारी पारावर ती आई एकटीच बसली होती, मांडीवर गाठोडं, तोंड वाटेकडे. माझ्या मागून येणारा भाऊ दिसला तशी ती उठून उभी राहिली. मग तो दुसराच कोणी आहे हे कळलं आणि परत खाली बसली.

परतीच्या गाडीत भाऊ माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता. गेल्या वर्षी घरून निघताना माझ्याजवळ दोन सल्ले होते. चांगला मी स्वतःसाठी ठेवून घेतला. दुसरा त्या बाईला देऊन आलो.