पाच स्वर आणि पाकिटाचा कोपरा

माझा आवाज असा, की कोलशेतच्या बंदरावरून मी हाक मारली तर खाडीपलीकडची म्हैस त्या दिवशी दूध देत नसे. हे मला म्हशीच्या मालकानेच सांगितलं, म्हणजे सांगणार होता, पण भेट झाली नाही. असल्या हजार गोष्टी मी रचल्या आणि लोक हसले. पण एकदा त्याच आवाजात मी जे ओरडलो, त्याला कोणी हसलं नाही.

माझा थोरला भाऊ मिठागर सोडून आगबोटीवर कोळसा ओढायला गेलेला. दोन वर्षं त्याची खबर नव्हती. एके दिवशी टपालवाला पाकीट घेऊन आला. पाकिटाचा वरचा कोपरा नव्हता. आमच्याकडे मरणाच्या पत्राचा कोपरा फाडून धाडतात. असं पत्र घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचून फाडायचं आणि आंघोळ करायची. मी अंगणातूनच गर्जलो, "आये, कोपरा फाटलाय!"

झालं. आईने हंबरडा फोडला. वहिनीच्या बांगड्या जात्यावर फोडल्या गेल्या, दहावं-तेरावं झालं. वाचायचं कोणी? अक्षरं साहेबाची, पण भाषा इंग्रजी नव्हती, एवढं मला ठाण्याच्या शाळेतल्या तीन इयत्तांवर कळलं. पत्र मी फाडलं मात्र नाही. मिठाच्या कोठीत आढ्याला खोचून ठेवलं.

आमच्या जातीत विधवेचा पाट लावतात. वर्ष सरलं आणि वहिनीचा विठ्ठलवाडीच्या एका शेतकऱ्याशी पाट लागला. घर रिकामं झालं. आई रोज एकच विचारी, "शेवटाला त्याला पानी कोनी पाजलं रं?"

मी कोणत्याही प्रश्नाला तीन उत्तरं देणारा माणूस. ह्याला एकही देता येईना. म्हणून पत्र काढलं.

पाद्रीबाबांकडे जावं, तर गावात बोभाटा झाला असता की मी बाटलो. शेवटी ठाण्याच्या बंदरावर एका खलाशाने पत्र बघून सांगितलं, ही स्पॅनिश, आणि तिथेच दोरखंड वळत बसणारा एक म्हातारा ख्रिस्ती सापडला. तीस वर्षं मनिलाच्या, म्हणजे स्पॅनिश राज्यातल्या, गलबतांवर स्वयंपाकी होता. स्पॅनिश घडाघडा बोले, पण त्यातलं अक्षर एक येत नव्हतं, आणि आता तर दोन्ही डोळे गेलेले. तेव्हा ठरलं असं, की मी वाचायचं आणि त्याने ऐकून अर्थ सांगायचा.

मी पहिली ओळ इंग्रजी थाटात वाचली. म्हातारा म्हणाला, "बाबा, पोटात दुखतंय का तुझ्या?"

"वाचतोय मी!"

"हे वाचणं? त्या शाळेने तुझं तोंड वाकडं केलंय. साहेबाचा स्वर सकाळी एक बोलतो, दुपारी दुसरं. स्पॅनिशात पाचच स्वर. आ, ए, ई, ओ, ऊ. कुठेही बसव, आपला आवाज सोडायचे नाहीत."

माझा जबडा चिमटीत धरून त्याने शिकवणी सुरू केली. 'आ'ला तोंड उघड, पण दात उपटून घेतल्यासारखं नको. 'ए' आखूड. 'ओ'ला ओठ गोल कर आणि तिथंच थांब, मागून शेपूट काढू नकोस. सगळ्यात जास्त शिव्या मी शब्दाच्या शेवटी खाल्ल्या. आपण मराठी माणसं शेवटचा अ गिळतो ना, तसा मी त्यांचा शेवटचा ओही गिळून टाकी. "अरे, शेवट खाऊ नकोस!" म्हातारा ओरडे. "शेवटातच बाई की बुवा ते कळतं!"

पावसाळाभर मी मिठागराच्या बांधावर उभा राहून आ, ए, ई, ओ, ऊ घोकलं. तिसऱ्या दिवशी खाडीतले बगळे भाईंदरला राहायला गेले. लोक म्हणाले, भावाच्या दुःखाने ह्याचं डोकं फिरलं. मी त्यांना म्हणू दिलं.

एका दुपारी मी पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. एकही स्वर गिळला नाही. वाचता वाचता म्हाताऱ्याच्या हातातली दोरी थांबली.

"मनिलाच्या इस्पितळातल्या एका ख्रिस्ती जोगिणीने लिहिलंय," तो म्हणाला. "तुझ्या भावाचा पाय मोडलेला, ताप होता. तिने पाणी पाजलं, औषध दिलं. आता तो बसतो-उठतो. म्हणतो, बायकोला सांगा, वाट बघ. उत्तर धाडा. उत्तर आलं नाही तर मी समजेन घराला मी नको, आणि मिळेल त्या बोटीने पुढे जाईन."

"मग कोपरा?"

"परदेशी तिकीट कुठे चिकटवतात रे? वरच्या कोपऱ्यात. आवडलं असेल कोणाला वाटेत. घेतलं फाडून."

पत्राला तोवर दीड वर्ष होऊन गेलेलं. तरी म्हाताऱ्याने स्पॅनिशात सांगितलं आणि मी लिहून उत्तर धाडलं. ते गेलं ते गेलंच. आईला मी सांगितलं, एका जोगिणीने पाणी पाजलं. ते खरंच होतं. आई त्या रात्री जेवली.

उत्तराची वाट बघण्यात आणखी एक वर्ष गेलं. मग वहिनी राहिली. तिला कळायला हवं, असं ठरवून मी कल्याणहून चालत विठ्ठलवाडी गाठली. ती अंगणात वाल निवडत होती, मांडीवर तान्हं.

"अगं बाई, भावजी! वाट चुकलात का काय?"

मी तोंड उघडलं, तर तिनेच हळू विचारलं, "त्यांचं काही कळलं का हो? लई हाल झाले का?"

आयुष्यभर मी थापा मारल्या त्या हात नाचवत. ही एक मारताना दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"नाही, वहिनी. झोपेतच गेला."

तिने पदराने डोळे पुसले. "बरं झालं. मला सारखं वाटायचं, मी इथं सुखात, आणि ते कुठंतरी हाका मारत असतील." मग मूल माझ्याकडे देऊन ती भाकऱ्या थापायला उठली.

मी अर्धी भाकरी खाल्ली. गावात सांगतो, अकरा खाल्ल्या.