इथेनॉलची शीग

शहापूर तालुक्यातल्या एका डोंगरपाड्यावरची लहानी नावाची मुलगी मुरबाडजवळच्या रासायनिक कारखान्यात, प्रयोगशाळेत, उमेदवार म्हणून लागली तेव्हा तिच्याकडे विज्ञानाची पदवी होती आणि एक सवय होती. कारखान्याने पदवी तपासली.

सवय अशी. पाड्यावर दुसऱ्याला धान्य द्यायचे तर पायली भरून वर शीग, म्हणजे काठावर उभी रास, लावायची. काठाशी सपाट केलेले माप हा घेणाऱ्याचा अपमान समजतात. आई जिवलीने लहानीला हे बोलायला शिकवण्याच्या सुमारासच शिकवले होते.

कायम होण्यासाठी चाचणी होती. प्रयोगशाळेचे प्रमुख रविंद्र सर यांनी एक मोल इथेनॉल मोजून द्यायला सांगितले. लहानीने कागदावर मांडले: एक मोल म्हणजे शेहेचाळीस ग्रॅम, घनता दर मिलिलिटरला ०.७९ ग्रॅम, भागाकार सुमारे अठ्ठावन्न मिलिलिटर. हिशोब निर्दोष होता. तिने मोजनळीत अठ्ठावन्नपर्यंत द्रव भरला, सरांकडे पाहिले आणि आणखी थोडा ओतला.

फ्लास्कमध्ये ओतलेले इथेनॉल काट्यावर ४७.४ ग्रॅम भरले.

"अगं, हा एक मोल नाही. एक पूर्णांक शून्य तीन झाला."

"एक मोल त्यात हायेच ना, सर? कमी तर नाय दिला."

"जास्त कोणी मागितलं?"

"मागायला लागतं का?"

दुसऱ्या खेपेलाही तेच झाले.

"लग्नाची पंगत वाढतेस का गं? आता चुकलीस तर घरी बसशील."

दोन्ही मापांमागे नीती आहे. पायलीला भीती असते ती घेणाऱ्याला कमी पडण्याची. रसायनशास्त्र जास्तीलाही दोष मानते, कारण जोडीदार पदार्थ संपला की उरलेले इथेनॉल कशाशीच संयोग पावत नाही. ते मालात अशुद्धी म्हणून राहते. लहानीला हे ठाऊक होते. परीक्षेत तिने त्याचे गुणही मिळवले होते. ते हातापर्यंत पोहोचले नव्हते, इतकेच.

तिने मोजनळी रिकामी केली.

"सर, तुमी जरा भायेर जा."

"का?"

"तुमी समोर असलात की देणं होतं. मला मोजायचंय."

रविंद्र सर व्हरांड्यात गेले. परतले तेव्हा फ्लास्क टेबलावर होता आणि लहानी खिडकीपाशी उभी होती. त्यांनी फ्लास्क स्वतः उचलून काट्यावर ठेवला. शेहेचाळीस ग्रॅम.

लहानी कायम झाली. ती मोजायला बसली की रविंद्र सर अजूनही व्हरांड्यात जाऊन उभे राहतात.