लटारूच्या पायाची तेरवी

आमच्या गावात माणूस गेला की लोक आधी विचारतात, "लटारू गावात हाय का?" रडणं त्यानंतर. माणूस कसाही जावो, त्याची तेरवी नीट झाली पाहिजे. आणि मूल शहराच्या आसपासच्या गावांत तेरवीचा भात लटारूनेच रांधावा असा जणू कायदाच. हा लटारू माझा शेजारी. दोन घरांमध्ये एक काट्यांचं कुंपण तेवढं आहे. त्याच्या घरी काय शिजलं आणि काय करपलं, ते मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं.

दोन पाय रोवून तो गंजापाशी, म्हणजे भाताच्या मोठ्या पातेल्यापाशी, उभा राहिला आणि त्याने भातात लांब दांड्याचा सराटा घातला की पंगतीतले लोक भांडण सोडून तिकडे बघत. हाडाचा आचारी म्हणत त्याला. हे कौतुक देवाने जरा कान देऊन ऐकलं असावं, कारण त्याने हाडालाच हात घातला.

पन्नाशी उलटली तेव्हा लटारूच्या उजव्या गुडघ्याखाली सूज आली. लिंबाएवढी. लटारू म्हणाला, चुलीपाशी उभं राहून राहून रक्त उतरलं. माझ्या बायकोने एरंडाचं पान गरम करून बांधायला लावलं. कोणी मोहाचं तेल चोळलं, कोणी डाग दिला. पुढच्या सालापर्यंत लिंबाचं कवठ झालं. आधी चाललं की दुखायचं, मग बसल्या जागीही दुखू लागलं. शेवटी एका लग्नात हातातल्या सराट्यासकट हा गडी गंजाशेजारी कोसळला. भात वाचला. लटारूने शुद्धीवर येताच आधी तेच विचारलं.

मग मनकर्णा, म्हणजे त्याची बायको, त्याला छोट्या रेल्वेगाडीत बसवून नागपूरला घेऊन गेली. तिथे पायाचा फोटो काढला, गाठीचा तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरांनी सांगितलं, हाडाचा कॅन्सर.

लटारू परतला तो तणतणत. "मोठा दवाखाना म्हने! दुखून राह्यला पाय, अन् डाक्टर म्हनते कानसर! माहे कान तं चांगले हाय!"

खरी गोष्ट मनकर्णाने सांगितली. दुखणं हाडात होतं आणि हळूहळू वाढणारं होतं. छातीपर्यंत पोचलेलं दिसत नव्हतं. मांडीतून पाय काढला तर माणूस वाचेल, ठेवला तर माणूस जाईल. गोळी-औषधाने भागणारं नव्हतं. लटारूने डॉक्टरांना उत्तर दिलं होतं, "एका पायावर गंजापाशी उभं राहून भात रांधून दाखवा, मंग कापा." आणि गाठोडं उचलून तो घरी आला होता.

"भाऊ, तुमी तरी सांगा त्याहिले," मनकर्णा कुंपणापाशी येऊन डोळे पुसू लागली. "माह्यं ऐकत नाईत."

मी गेलो. लटारू खाटेवर पाय लांब करून आढ्याकडे बघत पडला होता.

"काय गा लटारू, ठरलं मंग?"

"ठरलं. आलो तसा जाईन. सगळाच्या सगळा."

"जा ना. कोन अडवून राह्यलं? मी तं एकच इचाराले आलो. तुह्या तेरवीले रांधन कोन?"

आढ्यावरची नजर खाली आली. "कोन म्हंजे?"

"पोचू हाय ना. लाकडं फोडून राह्यला सकाळपासून."

पोचूबद्दल सांगायला हवं. लटारूच्या हाताखाली तो लाकडं फोडायचा, पाणी भरायचा. कधी लटारू नसला की हौसेने सराटा हाती घ्यायचा. त्याचा भात तळाला कोळसा, वर कच्चा. मधला थोडा बरा असतो, तो वाढप्यांच्या पोटात जातो.

"पोचू?" लटारू कोपरावर उठला. "माह्या तेरवीले पोचू?"

"वांग्याची भाजीबी तोच करन. तुले काय त्याचं? तू थोडाच खानार हायेस. मरन आमचं."

लटारू खाटेवर उठून बसला. मग हाक आली, "मनकर्णे! गाठोडं सोडू नको. उद्या पुन्हा नागपूर."

पोचूला यातलं काही माहीत नव्हतं. बिचारा लाकडं फोडत होता हे खरं, पण स्वतःच्या चुलीसाठी.

पाय गेला. लटारू मूलच्या स्टेशनावरून बैलगाडीने आला, तेव्हा जत्रेला यावं तसे लोक आले. जखम भरल्यावर सुताराने सागाचा पाय करून दिला. त्याचंही लटारूला कौतुक. "हा दुखत नाई, सुजत नाई. फक्त पोचूपासून जपा लागते. सरपन समजून चुलीत घालन."

एके दिवशी ओट्यावर कोणीतरी म्हणालं, "लटारू, गावातल्या साऱ्याहिच्या तेरव्या तू केल्या. तुह्या पायाची राहून गेली ना."

"करू ना. पन थांबा जरा," लटारू म्हणाला. "डाक्टरनं सालभरानं छातीचा फोटो काढाले बलावलं हाय. ते छातीत उतरलं असन, तं पायाच्या मागं मीबी जाईन. दोन तेरव्या कायले? एकातच भागवा."

सगळे हसले. मनकर्णा उठून आत गेली. मग कोणी हसलं नाही.

ते साल लटारूने वाया घालवलं नाही. मागच्या अंगणात रिकामा गंज मांडायचा, त्यात रेती भरायची, एक कुबडी काखेत, सागाचा पाय जमिनीत रोवायचा आणि रेती ढवळायची. किती वेळा आपटला ते मी कुंपणातून पाहिलं आहे.

"काय पाहून राह्यला बे?" तो जमिनीवरून ओरडायचा.

"भात कधी होते ते."

सालभराने तो नागपूरला गेला. त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणाच्या घरी मीठ नीट पडलं नाही. संध्याकाळी बैलगाडी दिसली. गाडी थांबायच्या आत लटारूचा आवाज आला, "पोचू! लाकडं फोड! छाती साफ हाय!"

झाली मग पायाची तेरवी. भात, वरण, वडे, कढी, आलू-वांग्याची भाजी. सारा गाव पळसाच्या पत्रावळी घेऊन बसला. लटारू सागाच्या पायावर गंजापाशी उभा, आणि सराटा पहिल्यासारखाच फिरत होता. मनकर्णा वाढायचं सोडून नुसती त्याच्याकडे बघत होती.

रिवाजाप्रमाणे पायाच्या नावाने एक पान अंगणात ठेवलं. कावळा शिवेना. कुंपणावर बसला आणि मान वाकडी करून बघत राहिला. पंगत भुकेली.

"पायाची इच्छा राह्यली असन काई," मी म्हणालो. "बोल ना काई तरी."

लटारू पुढे आला, हात जोडले. "बाप्पा, डाव्या पायाले जपीन."

कावळा हलला नाही.

"मनकर्णेवर चिडनार नाई."

कावळ्याने चोच पुसली. त्याचाही विश्वास बसला नसावा.

लटारूने वळून पाहिलं. पोचू चुलीपाशी घामाघूम होऊन उभा होता. लटारूचा आवाज चढला. "बरं, आयक तं मंग! या पोचूले भात रांधता आल्याबिगर मी मरनार नाई!"

कावळा झपकन खाली आला आणि वडा घेऊन उडाला. पंगतीत असा गलका झाला की शेजारच्या गावचे कुत्रे भुंकायला लागले.

लटारूने शब्द पाळला. तेव्हापासून दर लग्नात, दर तेरवीत पोचूला तो शेजारी उभा करून शिकवतो. त्याला पाच सालं होत आली. पोचूचा भात अजून तळाला लागतो.

गावात कोणी त्याला नावं ठेवत नाही. परवा चुकून त्याचा भात जरा मोकळा झाला, तर मनकर्णाने जाऊन चुलीत आणखी दोन लाकडं सारली.